ती फट कुणाची?

आखाजी झाली, माहेरवाशिणी परत गेल्या, पापड-कुरडया-बिबडे वाळवून डब्यांत भरून झाले, की आपल्याकडे घराघरांत एकच विषय निघतो. पाऊस. आणि पाऊस म्हटला की मागच्या वर्षी कुठे कुठे गळलं होतं त्याची उजळणी. बचत गटाची मीटिंग असली तरी हिशेबाची वही बाजूला राहते आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच. गंमत अशी, की गळण्याची जागाही जवळजवळ सगळ्यांकडे एकच. मूळ घर ठीक असतं. मागे काढलेली पत्र्याची शेडही ठीक असते. पाणी येतं ते दोघांच्या मधून. पत्रा जिथे भिंतीला टेकतो तिथून.

मैत्रिणींनो, इतकी किरकोळ गोष्ट, ती काय लेखात लिहायची, असं तुम्हाला वाटेल. पण त्या फटीखाली कोण उभं असतं ते बघा. पुढच्या खोलीत स्लॅब, तिथे टीव्ही, सोफा किंवा निदान दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मधल्या खोलीत पलंग आणि कपाट. आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅस, मोरी, पाण्याची टाकी, धान्याची कोठी. म्हणजे बाईचा सगळा दिवस. पुढची खोली गळली असती तर घरातल्या पुरुषांनी दोन दिवसांत मिस्तरी आणला असता, हे मी खात्रीने सांगते. मागची शेड गळते तेव्हा तिथे पातेलं ठेवलं जातं. पातेलं भरलं की ओतून पुन्हा ठेवायचं. अशी एक-दोन नाही, चार-पाच वर्षं पातेलं ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

शेड का वाढते, हेही समजून घेतलं पाहिजे. २०१६ पासून आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, तेही स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे २७० चौरस फूटसुद्धा भरत नाही. त्यात सासू-सासरे, दोन मुलं, शेतकऱ्याचं घर असेल तर दादरची नाहीतर गव्हाची पोती, फवारणीचा पंप. कसं मावणार? घरकुलाचा शेवटचा हप्ता मिळून वर्ष होत नाही तोच मागच्या भिंतीला टेकून पत्रे पडतात. शहरात तरी वेगळं काय आहे? जळगाव असो की धुळं, कॉलन्यांमधल्या रो-हाउसच्या मागच्या मोकळ्या जागेवर तेच पत्रे. आणि जुन्या गावठाणातल्या धाब्याच्या घराला तर तिन्ही बाजूंनी पत्र्याची ठिगळं लागलेली दिसतात. खानदेशातलं घर एकदम बांधून होत नाही, ते जसजसे पैसे येतील तसतसं वाढत जातं. त्यामुळे जुनं आणि नवं जिथे मिळतं ती जागा आपल्या घरात असतेच असते.

काहीजणी म्हणतात, आपल्याकडे पाऊस तो किती! खरं आहे, आपलं काही कोकण नाही. जळगावला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, धुळ्याला त्याहूनही कमी. पण आपला पाऊस रिमझिम पडून जात नाही. आठ-पंधरा दिवस पत्ता नसतो आणि मग एका रात्रीत कोसळतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावला तितूर नदीला आलेला पूर आठवा. शिवाय मे-जूनमधलं वादळ. रावेर-यावलच्या केळीच्या बागा दरवर्षी ज्या वाऱ्याने आडव्या होतात, तोच वारा पावसाचं पाणी खालून वर, पत्र्याच्या पोटाखाली ढकलतो. सरळ पडणाऱ्या पावसात न गळणारं घर त्या एका वादळात गळतं.

आता खरी गोष्ट. ही फट बुजवायला आपल्याकडे काय करतात? मिस्तरी येतो, सिमेंट-वाळू कालवतो आणि पत्रा व भिंतीच्या कोपऱ्यात थापीने एक गोलसर लेप ओढतो. त्याला ते लोक वाटा म्हणतात. दिसायला छान, गुळगुळीत. त्या वर्षी पाणी थांबतं. मिस्तरीचे पैसे दिले जातात. पुढच्या उन्हाळ्यात त्या लेपाला केसासारखी चीर पडते आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा हजर. मग त्याच लेपावर दुसरा लेप. एका घरी मी असे तीन थर मोजले, एकावर एक, भाकरीवर भाकरी ठेवल्यासारखे. आणि खालून पाणी चालूच!

त्यात मिस्तरीचा हात वाईट असतो असं नाही. भिंत एका जागी उभी असते आणि पत्रा हलतो, हे त्याचं कारण. मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवाच ४४-४५ अंशांवर जाते. उन्हातला पत्रा साठ अंशांच्या वर तापतो, हात लावून बघा, चटका बसतो. रात्री तोच पत्रा थंड होतो. लोखंड तापलं की वाढतं, गार झालं की आखडतं. दहा फुटांचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. वीस फुटांचा असेल तर तीन मिलिमीटर. रोज. आणि तापलेल्या पत्र्यावर वळवाची सर आली की हेच काही मिनिटांत होतं. रात्री शेडमध्ये टकटक आवाज येतो ना, तो उंदीर नसतो, पत्रा आखडत असतो. आता सांगा, सिमेंटचा कडक लेप एका बाजूने हलणाऱ्या पत्र्याला आणि दुसऱ्या बाजूने न हलणाऱ्या भिंतीला धरून कसा राहील? तो कुठेतरी सुटणारच. त्यात ओलं सिमेंट जस्ताला खातं. लेपाखालचा पत्रा तिथेच आधी गंजतो आणि पुढे लेप काढायला जावं तर पत्र्याचा तुकडाच हातात येतो.

डांबराचंही तेच. उन्हाळ्यात ते पातळ होऊन ओघळतं, थंडीत कडक होऊन तडकतं. आमच्या गल्लीत एका घराची मागची भिंत अशी काळे ओघळ आलेली आहे, की लांबून वाटावं कुणी काजळ सांडलं.

खरं तर जे करायला पाहिजे ते अगदी साधं आहे, आणि ते नवीनही नाही. भिंतीला आणि पत्र्याला एकमेकांना चिकटवायचंच नाही. भिंतीतून एक पत्र्याची पट्टी खाली आणायची आणि ती शेडच्या पत्र्यावर नुसती झाकण म्हणून पडू द्यायची. कढईवर ताट ठेवतो तशी. खाली पत्रा हलला तरी वरचं झाकण आपल्या जागी. पाणी भिंतीवरून येतं, पट्टीवरून घसरतं, पत्र्यावर पडतं, निघून जातं. दुकानात हिला फ्लॅशिंग म्हणून मागायचं, नाहीतर काटकोनात वाकवलेली पट्टी म्हणून सांगायचं. वेल्डर लगेच समजतो.

बसवायची कशी, ते जरा नीट वाचा, कारण सगळं पाणी इथेच अडतं किंवा शिरतं. पत्रा जिथे भिंतीला टेकतो तिथून सहा इंच वर भिंतीत आडवी खाच पाडायची, इंचभर खोल. वायरमन पाइप बसवायला भिंत खोदतो तशीच. पट्टीची वरची कड आत वाकवून त्या खाचेत घालायची, खाच साफ करून, पाणी मारून सिमेंटने पक्की भरायची. इथे सिमेंट चालतं, कारण ही कड भिंतीबरोबरच राहते, हलत नाही. पट्टी पत्र्यावर किमान सहा इंच उतरली पाहिजे. आणि खालच्या कडेला तिला पत्र्याशी सिमेंटने जाम करायचं नाही. बहुतेक मिस्तरी पट्टी खाचेत न घालता नुसती भिंतीवर ठेवून खिळे मारतात आणि वरून लेप ओढतात. त्यात काही अर्थ नाही. भिंतीवरून येणारं पाणी पट्टीच्या मागून सरळ खाली जातं. "खाच पाडली का?" एवढा एकच प्रश्न विचारला तरी मिस्तरी तुमच्याकडे वळून बघेल.

अजून एक जागा. पत्र्याला उंच-सखल नाळी असतात. वरच्या टोकाला या नाळी उघड्या राहतात आणि वादळात पाणी उलटं चढून तिथून आत येतं. चांगला वेल्डर पत्र्याच्या खोलगट भागाचं टोक पक्कडीने वर वळवतो, म्हणजे पाण्याला बांध बसतो. नाहीतर नाळीच्या आकाराची फोमची पट्टी मिळते, ती दाबून बसवतो. दहा मिनिटांचं काम आहे. सांगितलं नाही तर कुणी करत नाही. उतार दहा फुटाला किमान एक फूट तरी असावा. स्क्रू रबरी वॉशरचे आणि पत्र्याच्या उंचवट्यावर. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथे भोकं कशाला? सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते घरात करवतीने कापू देऊ नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. पोरांना तर तिथे फिरकूच देऊ नका.

जुन्या धाब्याच्या घराची भिंत मातीची असेल तर मात्र वरचं सगळं तसंच्या तसं चालणार नाही. मातीच्या भिंतीत खाच टिकत नाही, भुगा होतो. तिथे शेड स्वतःच्या खांबांवर उभी करायची, भिंतीवर तिचा भार द्यायचाच नाही, आणि पट्टी धाब्याच्या वळचणीखाली आतपर्यंत सरकवायची. यात हयगय करू नका, कारण विटांच्या भिंतीत पाणी मुरलं तर पोपडे निघतात, मातीच्या भिंतीत मुरलं तर भिंत बसते. श्रावण-भाद्रपदात भिंत पडून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बातमीत "जीर्ण भिंत" असं लिहिलेलं असतं. ती नुसत्या वयाने जीर्ण होत नाही. वर्षानुवर्षं तिच्या डोक्यातून पाणी मुरत असतं, तेही तिला जीर्ण करतं.

धाब्यावरून आठवलं. आपल्या आजी-सासवांच्या काळात घर गळत नव्हतं असं नाही. पण पावसाआधी दरवर्षी कुणीतरी धाब्यावर चढायचंच. खारी माती आणायची, पसरायची, चोपायची. ती खारी पाण्याने फुगते आणि माती-मातीमधली बारीक भोकं बंद करते, म्हणून नेमकी तीच माती. भिंतीच्या कडेला ती जरा जास्त चढवायची, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. घर म्हणजे दरवर्षी थोडं थोडं करायची वस्तू आहे, हे तेव्हा सगळ्यांना मान्य होतं. सिमेंट आलं आणि आपली समजूत झाली की एकदा बांधलं की संपलं. आता वर कुणी चढतच नाही. मी मातीच्या घरांचे गोडवे गायला बसलेली नाही. शेणाने सारवून ज्यांचे गुडघे गेले त्या बायकांना विचारा, सिमेंटची फरशी म्हणजे काय सुख ते. पण मृगाआधी एकदा वर नजर टाकायची रीत तेवढी ठेवायला हरकत नव्हती.

बरं, हे सगळं माहीत असूनही काम का होत नाही? कारण ती फट कुणाचीच नसते. घर बांधणाऱ्या मिस्तरीचं काम भिंतीपाशी संपतं. शेड टाकणाऱ्या वेल्डरचं काम पत्र्यापाशी संपतं. गळायला लागलं की वेल्डर म्हणतो, "माझा पत्रा एक नंबर आहे, पाणी भिंतीतून येतंय, मिस्तरीला बोलवा." मिस्तरी म्हणतो, "भिंत माझी पक्की आहे, पत्रा नीट बसवला नाही." दोघंही चहा पिऊन जातात. धुळे तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी मला म्हणाली, "ताई, पानी कथाईन येस तेच समजत नही." दोन कारागीर, एक मुलगा, एक जावई इतके जण बघून गेले होते आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे, की तो सांधा हे वेगळं काम धरून आधीच बोलून घेतलं पाहिजे. शेडचा सौदा ठरतो तो पत्र्याच्या फुटावर आणि लोखंडाच्या किलोवर. त्यात पट्टीचं नावच नसतं. मग ती राहते. सौदा होतानाच म्हणायचं, "भाऊ, पट्टी धरून सांगा. खाच कोण पाडणार तेही आत्ताच सांगा. आणि पाणी टाकून बघितल्यावर शेवटचे पैसे." कागदावर दोन ओळी लिहून घ्या. सगळ्या शेडच्या खर्चापुढे त्या पट्टीचा खर्च अगदी थोडा असतो. पण नंतर करायला जाल तर पत्रे हलवावे लागतात, नवी मजुरी, नवा माणूस, नवी वायदेबाजी.

आणि हा सौदा करायला बाई समोर हवी. आपल्याकडे घराचं बोलणं ओट्यावर चालतं आणि बाई आतून चहा पाठवते. चहा पाठवा, पण स्वतः ट्रे घेऊन बाहेर या आणि तिथेच बसा. "बायकांना बांधकामातलं काय कळतं?" असं कुणी म्हणेलच. मला त्यावर किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. आपल्यासारखीच तिथली घरं, वर मातीचं जड माळवद, खाली दगडमातीच्या भिंती. पार पडलेली गावं नव्याने वसवली गेली. पण शेकडो गावांत घरं उभी होती, फक्त तडकलेली होती. तिथे सरकारच्या मदतीने घरमालकांनीच घर दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायचं ठरलं. त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना पुढे आणलं. साध्या, कमी शिकलेल्या बायका संवाद सहायक झाल्या. मदतीचे पैसे कसे मिळतात, दुरुस्तीत काय काय झालं पाहिजे, हे त्या घरोघरी सांगू लागल्या, मिस्तरीच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. भिंतीत काय घातलं पाहिजे हे त्यांना कळलं, कारण कुणीतरी त्यांना बसवून समजावून सांगितलं. आपल्याला एका पट्टीचं कळणार नाही?

घरकुलाचीच गोष्ट घ्या. ते मंजूर करताना बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करावं असा नियम आहे. कागदावर बाई मालकीण. पण घराचा नकाशा तिला कुणी उलगडून दाखवत नाही. पायापासून छतापर्यंत टप्प्याटप्प्याने फोटो काढले जातात आणि तसा हप्ता पडतो. फोटोत पदर सावरून ती उभी असते. त्याच वेळी तिने एवढंच विचारलं, की मागच्या भिंतीला विटांचा एक थर दोन-तीन इंच बाहेर काढून ठेवता का, तर पुढची कितीतरी वर्षं सुखाची जातील. तो पुढे आलेला थर म्हणजे उद्याच्या पत्र्याची टोपी. पत्रा त्याच्या खाली सरकवला, वरून छोटी पट्टी आली, की पाण्याला वाटच नाही. सगळ्या गावाला माहीत आहे की मागे शेड पडणार. योजनेलाही माहीत असायला हवं. मग भिंत बांधतानाच तिची सोय का करू नये? मिस्तरींना घरकुलासाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण देण्याची तरतूद योजनेतच आहे. त्यातला एक दिवस या सांध्याला द्यावा, असं मला वाटतं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्येच होते, हे तुम्ही-आम्ही जाणतोच. ती खरोखर भरवायला लावा आणि हा विषय तिथे मांडा. हसतील थोडे. हसू द्या.

विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. शेडमधला बोर्ड बहुतेक वेळा त्याच मूळ भिंतीवर असतो, कारण वायर घरातून तिथूनच येते. म्हणजे पाणी जिथून ओघळतं बरोबर त्याच्या खाली स्विच. ओली भिंत, लोखंडी खांब, वरती पत्रा, कपडे वाळत घालायची तार आणि अनवाणी बाई. पावसाळ्यात शॉक लागून बायका गेल्याच्या घटना प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात. त्या भिंतीवरचा बोर्ड हलवून कोरड्या भिंतीवर घ्या. वायर पत्र्याला घासून जात असेल तर पाइपातून न्या. अर्थिंग तपासून घ्या आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट अंगातून जमिनीकडे जायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. वायरमनला नाव सांगितलं की तो आणतो. साडी एखादी कमी घ्या, पण हे करा.

आता, पाणी नक्की कुठून येतं ते शोधायचं कसं? पावसाची वाट बघू नका. पाणी पत्र्याच्या पोटाला धरून तीन-चार फूट घसरतं आणि मग टपकतं, म्हणून जिथे थेंब पडतो तिथे भोक असतंच असं नाही. एका कोरड्या दिवशी एकाला शिडीवर चढवा, हातात पाइप द्या. तुम्ही खाली बॅटरी घेऊन उभ्या राहा. आधी फक्त पत्र्याच्या खालच्या अर्ध्या भागावर दहा मिनिटं पाणी. काही आलं नाही तर वरच्या अर्ध्या भागावर, सांध्याला पाणी न लावता. मग सांध्यावर. आणि शेवटी सांध्याच्या वरच्या भिंतीवर. ज्या टप्प्याला थेंब येईल तिथे दोष. वरच्या भिंतीवर पाणी टाकल्यावर आलं तर पट्टीची वरची कड खाचेत नीट बसलेली नाही, नाहीतर भिंतीच्या प्लास्टरला चीर आहे. कितीतरी घरांत मी असं पाहिलंय, की स्लॅबच्या पाण्याचा पाइप बरोबर सांध्याजवळ पत्र्यावर सोडलेला असतो. सगळ्या गच्चीचं पाणी एका जागी धबधब्यासारखं पडतं. तिथे कुठलीही पट्टी हरणारच. तो पाइप आधी जमिनीपर्यंत उतरवा. आणि थंडीत सकाळी पत्र्यावरून थेंब पडत असतील तर तो पाऊस नाही, तुमच्या चुलीवरची वाफ आहे. त्यासाठी मिस्तरी बोलवू नका, खिडकी उघडा.

काहींच्या शेडचा उतार घराकडेच असतो. मागचा शेजारी आपल्या बाजूला पागोळ्या पडू देत नाही, मग भांडण नको म्हणून पाणी स्वतःच्या भिंतीकडे वळवलेलं. अशा ठिकाणी नुसत्या पट्टीने भागत नाही. भिंतीलगत चांगली रुंद पन्हाळ लागते, आणि ती दर आठवड्याला साफ करावी लागते. निंबाची पानं अडकली की पाणी घरात. जमल्यास शेजाऱ्याशी बोलून, त्याच्या हद्दीच्या आत आपलीच पन्हाळ लावून उतार फिरवून घ्या. शेजारणीशी बोललात तर लवकर जमेल.

आखाजीपासून मृगापर्यंत साधारण महिनाभर हातात असतो. मिस्तरी तेव्हा मिळतो, भिंत कोरडी असते. पहिली सर आली की सगळ्या गावाला एकाच दिवशी मिस्तरी हवा असतो.

ज्यांना हे वाचेपर्यंत पाऊस सुरू झालाय, त्यांनी यंदापुरतं एवढं करावं. दोन दिवसांची उघडीप बघायची, सांधा घासून, पुसून, पूर्ण वाळू द्यायचा. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने चिकट अशी रुंद टेप मिळते, ती अर्धी भिंतीवर, अर्धी पत्र्यावर लावून लाटण्याने दाबत न्यायची. धुळीवर किंवा ओलीवर ती चिकटत नाही, म्हणून घासण्यात कंटाळा करू नका. वरून सिमेंट लावू नका. ती वर्ष-दोन वर्षं काढते. तोवर कोठी त्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून खाली दोन विटा ठेवा, पापड-बिबड्यांचे डबे मधल्या खोलीत आणा, आणि दिवाळीनंतर वेल्डरला बोलवायचं ते आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.